अप्पांसाठी प्रिंटर घेताना

अप्पांना पॅरालिसिसचा झटका आला आणि त्यांच्याकडे एकच शब्द उरला, ‘व्हय’. चहा पाहिजे का? व्हय. चहा नको का? व्हय. पाय दुखतोय का, तर व्हय, आणि दुखत नाही ना, तरीही व्हय. आत्या, म्हणजे आमच्याकडेच राहणारी अप्पांची धाकटी बहीण, कानडीतून विचारायची, “नीर बेकेन?” पाणी पाहिजे का, म्हणून. त्यालाही उत्तर व्हयच. मग पाण्याचा पेला पुढं केला की डाव्या हाताने ढकलून द्यायचे आणि ढकलता ढकलता पुन्हा व्हय म्हणायचे. तो शब्द तोंडातून निसटला की त्यांच्याच कपाळावर आठी पडायची. चुकीचा शब्द बाहेर आला हे त्यांना कळत होतं. मला तेच बघवत नसे.

या माणसाने जन्मभर चादरी आणि टॉवेलांची गाठोडी घेऊन आठवडी बाजार केले. सांगोला, अकलूज, जेऊर, जिथं एसटी जाईल तिथं. मराठीत भाव सांगायचा, कानडीत गिऱ्हाइकाशी सोयरीक काढायची आणि सोलापुरात परत आलं की विणकरांशी तेलुगूत भांडायचं. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायची संधी मिळायची ती अप्पा बाजाराला गेलेल्या दिवशीच. शाळेतून दमून आल्यावर मी कितीदा तरी म्हटलं असेल, “बास करा की अप्पा आता.” आता ते वाक्य आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

पुण्याच्या एक स्पीच थेरपिस्ट दर शनिवारी व्हिडिओवर अप्पांना बघायच्या. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. अप्पांना बोललेलं कळतं, पण शब्द सापडत नाहीत, आणि ‘हो’-‘नाही’वर तर मुळीच विसंबायचं नाही. त्यांना चित्रांवर बोट ठेवायला शिकवायचं. बाई दर आठवड्याला चित्रांची पानं मेलने पाठवणार, मी ती रंगीत छापायची, अप्पांनी पाहिजे त्या चित्रावर बोट ठेवायचं आणि खालचं अक्षर डाव्या हाताने पेन्सिलीने गिरवायचं. गिरवलेलं पान मी परत पाठवायचं. “सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे असतात,” बाई म्हणाल्या. “जे यायचं ते बरंचसं तेव्हाच येतं. उशीर करू नका.”

पहिल्या आठवड्यात मी पानं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. तिथं रांग असायची, लाईट जायची, आणि अप्पांना आत्याच्या भरवशावर किती वेळ टाकायचं? ती स्वतः सत्तरीची. अप्पा कुशीवरून घसरले तर दोघांना उचलायला मीच. शिवाय अप्पांनी गिरवलेल्या रेघा इतक्या पुसट की मोबाईलने फोटो काढला की कागद तेवढा दिसायचा, रेघ नाही. बाई म्हणाल्या, “स्कॅन करून पाठवा ना.” म्हणजे छापणारा, स्कॅन करणारा असा तीन-कामी प्रिंटर घरात पाहिजे हे उघड होतं. कुणीही दुसऱ्या दिवशी जाऊन आणला असता.

पण माझ्या लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स आहे, आणि त्याच्याशी प्रत्येक प्रिंटरचं जमतंच असं नाही. तिथंच घोडं पेंड खात होतं.

हे लिनक्सचं खूळ माझ्या मागं शाळेतून लागलं. मी गणिताची शिक्षिका. शाळेत संगणक आले त्यावर लिनक्स होतं आणि ‘बाईंना गणित येतं, म्हणजे हेही येणार’ या न्यायाने ती खोली माझ्या गळ्यात पडली. आधी रडत शिकले, मग आवडलं, मग प्रेमातच पडले. घरच्या जुन्या लॅपटॉपवर तेच टाकलं आणि स्टाफरूममध्ये त्याचं कीर्तन सुरू केलं. व्हायरस नाही, कुणाची मिंधेगिरी नाही, एक पैसा लागत नाही. “फुकट ते पौष्टिक,” असं म्हणून सहकारी हसायचे. हसू देत. मला तेव्हा प्रिंटर घ्यायचा नव्हता.

पहिल्या दुकानात मी विचारलं, “हा लिनक्सवर चालतो का?” दुकानदार म्हणाला, “ती कंपनी आमी ठेवत न्हाय मॅडम.” दुसऱ्या दुकानातला जाणकार होता. त्याने नाव ऐकलेलं होतं. तो म्हणाला, “इंडोज टाकून देतो की मॅडम. धा मिंटाचं काम हाय.” मी त्याला सांगितलं की लॅपटॉप जुना आहे, त्याला ते झेपत नाही. हे खरं होतं. पण खरं सांगायचं तर अडचण निम्मी लॅपटॉपची आणि निम्मी माझ्या हट्टाची होती. इतकी वर्षं कीर्तन केलं, आता एका प्रिंटरपायी शेंडी कापून द्यायची? असं मला वाटलं. अप्पा घरात मुके पडलेले असताना मला हे वाटलं, हे मी लपवणार नाही.

मग मी शोध सुरू केला. मास्तरीण असल्यामुळे रीतसर वही केली, त्यात रकाने आखले. रंगीत पाहिजे, कारण बाईंची चित्रं रंगीत. स्कॅनर पाहिजे. शाई परवडली पाहिजे, म्हणजे छोट्या डबीचा नको, बाटलीने शाई भरायचा पाहिजे. रंगीत लेझर माझ्या ऐपतीबाहेरचा. आणि या सगळ्याच्या वर लिनक्सवर चालला पाहिजे. इंटरनेटवर जगभरचे लोक या विषयावर तावातावाने लिहीत होते. ते ज्याचं कौतुक करायचे तो सोलापुरात मिळत नव्हता. सोलापुरात जो मिळायचा त्याचं तिथं कुणी नाव घेत नव्हतं. दोन्हीकडे सापडला एक, तर तो बनवणंच बंद झालेलं. एका प्रिंटरबद्दल नऊ जणांनी छान लिहिलं होतं आणि दहाव्याने लिहिलं होतं, ‘छापतो उत्तम, स्कॅन मात्र होत नाही.’ त्या एका ओळीवर माझा पूर्ण आठवडा गेला.

दर शनिवारी बाई विचारायच्या, “पानं पुन्हा सुरू केली का?” मी म्हणायचे, “येत्या आठवड्यात नक्की.” असे किती शनिवार गेले ते वहीत लिहिलेलं नाही, कारण त्याचा रकानाच मी आखला नव्हता. अप्पा खाटेवरून माझ्याकडे बघायचे. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेली. आत्या एकदा वैतागून म्हणाली, “अगं, एवडं बघून तर तुजं लगीन बी न्हवतं ठरीवलं.” आणि ते खरंच होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसा माझा बैल रिकामा होता आणि ज्याच्यासाठी नांगरायचं त्याचा वाफसा निघून चालला होता. मला स्वतःचा राग यायचा. पण चुकीचा प्रिंटर घेतला तर दुसरा घेण्याची ताकद नव्हती, म्हणून हात पुढं होत नव्हता. रागाने हात सुटत नाही, आणखी आखडतो.

शेवटी वाट दाखवली ती एका मागच्या गल्लीतल्या दुकानदाराने. लिनक्स म्हणजे काय हे त्याला बापजन्मात माहीत नव्हतं. मी नेहमीचा प्रश्न विचारला, त्याने मान हलवली आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगू लागला, “हे मशीन मोबाईलवरनं डायरेक्ट छापतंय बगा. ॲप न्हाय, शीडी घालायची न्हाय, काय न्हाय.” माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. इंटरनेटवरच्या फोरमवर मी हे दहा वेळा वाचलं होतं, पण इतक्या अवघड भाषेत की डोक्यावरून गेलं होतं. जो वायफायवाला प्रिंटर मोबाईलकडून काही न टाकता थेट हुकूम घेतो, त्याला लिनक्सही थेट हुकूम देऊ शकतं. ड्रायव्हर म्हणतात तो वेगळा प्रोग्रॅम लागतच नाही. इतके दिवस मी दुकानादुकानांत चुकीचा प्रश्न विचारत फिरत होते.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉपच पिशवीत घालून नेला. दुकानात मांडलेला नमुना मला लावून बघू द्या, म्हणून विनवलं. त्याने आधी पाहिलं, हसला, म्हणाला, “बगा की, आपलं काय जातंय.” मी लॅपटॉप त्याच्या वायफायला जोडला. यादीत प्रिंटरचं नाव आपोआप आलं. मी बाईंचं पहिलं पान छापायला दिलं. दोन-तीनदा खडखड झाली आणि पाण्याच्या पेल्याचं चित्र, खाली मोठ्या अक्षरांत ‘पाणी’, असं बाहेर आलं. मी काउंटरवर डोळे पुसू लागले. दुकानदाराला वाटलं ऊन लागलं. त्याने माठातलं पाणी आणून दिलं, ते मी मुकाट्याने प्यायले आणि तसलाच नवा प्रिंटर रिक्षात घालून घरी आणला.

आता खरं सुरू होईल, असं वाटलं. सकाळी शाळेत जाण्याआधी पानं छापली. संध्याकाळी अप्पांनी घरी छापलेलं पहिलं पान गिरवलं. रेघ थरथरत गेली होती, पण ‘पा’चा काना काढला होता. मी ते पान काचेवर ठेवलं, झाकण लावलं, स्कॅन केलं. लॅपटॉपवर चित्र आलं. पानावर आडवे तीन राखाडी पट्टे. नेमके अक्षरांवरून. पुसट पेन्सिल त्यांच्याखाली गडप. पुन्हा केलं, पुन्हा तीन पट्टे. पान उलटं ठेवलं, पट्टे तिथंच.

छापतो उत्तम, स्कॅन मात्र होत नाही. दुकानात मी छापून बघितलं होतं, स्कॅन करून नव्हतं बघितलं. आनंदाच्या भरात तेवढंच राहिलं. मी कपाळाला हात लावला.

पुढचे चार दिवस मी लिनक्सशी झुंजले. स्कॅनचे तीन वेगवेगळे प्रोग्रॅम टाकले, काढले. कसल्या कसल्या आज्ञा फोरमवरून उतरवून घेतल्या, त्यातल्या निम्म्यांचा अर्थ मला कळत नव्हता. शेवटी त्या पट्ट्यांचं चित्र फोरमवर टाकलं. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी आपुलकीने उत्तरं दिली, पण असले पट्टे कुणीच पाहिले नव्हते. एकाने लिहिलं, लॅपटॉप बंद करून प्रिंटरवरच्या बटणाने नुसती झेरॉक्स काढून बघा. काढली. झेरॉक्सवरही तीन पट्टे. म्हणजे बिचाऱ्या लिनक्सचा काही दोष नव्हता, प्रिंटरच नासका निघाला होता. मी दुकानदाराला फोन लावला आणि चार दिवसांचा राग त्याच्यावर काढला.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “काच पुसून बगितली का मॅडम?”

“नव्या मशीनची काच कशाला पुसू?” मी ओरडले, आणि तेवढ्यात दारातून आत्या म्हणाली, “पुसू बिसू नको की गं.”

मी फोन ठेवला आणि तिच्याकडे बघितलं. आमच्या घरात नवी वस्तू आली की आत्या विभूतीचं बोट ओलं करून तिच्यावर तीन रेघा ओढते. फ्रिजला ओढल्या, मिक्सरला ओढल्या, माझ्या स्कूटीला ओढल्या. मी जाता-येता ओल्या फडक्याने पुसते, हे तिला माहीत होतं. म्हणून या वेळी तिने झाकण उघडून आतल्या काचेवर ओढल्या होत्या. मी त्या पाहिल्याही होत्या. मला वाटलं, स्कॅनरच्या काचेवर असतं असलं काहीतरी.

“आत कशाला लावलीस?” मी विचारलं.

“भाईर लावली की पुसतीस तू,” ती म्हणाली. “आन तूच म्हनलीस की, ह्या डब्यातनं अप्पाचं बोलनं येनार हाय. मग काय कोरडंच ठिवू व्हय?”

मला तिच्यावर रागावता येईना. मला हसू आलं, पण ते मध्येच वाकडं झालं आणि मी खुर्चीत बसून रडले. शाळेत जे काही शिकले ते चार दिवस राबवलं होतं, आणि अडलं होतं ते आमच्याच देवघरातल्या राखेशी. आत्याने स्वतः काच पुसली, नमस्कार करून, आणि पुसलेलं फडकं तुळशीत झटकलं. रेघा आता झाकणावर बाहेरून आहेत. मी त्या पुसत नाही. दुकानदाराला फोन करून माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, “आमच्या आईनं तर टीव्हीला हळद लावली हुती.”

स्कॅन स्वच्छ आलं. शनिवारी बाईंनी पानं पुन्हापुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, “चित्रांकडे बघत नाहीयेत का ते?” खरं होतं. बाईंच्या पानांवर टोस्ट होता, काटा-चमचा होता, बाथटब होता. अप्पा त्यावर बोट ठेवायला तयारच नव्हते, गिरवायचे तेवढं माझ्याकडे बघून. बाई म्हणाल्या, “तुमच्या घरातले फोटो काढा. त्यांच्या हातातल्या वस्तूंचे.”

प्रिंटर पहिल्यांदा खऱ्या कामाला लागला तो तेव्हा. मी घरभर फोटो काढत फिरले. पितळी तांब्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पंखा. उशी. अप्पांची काठी. खाटेखालचं भांडं. आत्या, डोक्यावरून पदर घेऊन, लग्नाला निघाल्यासारखी ताठ. मी. एका पानावर एकच फोटो, खाली मोठं अक्षर, आणि सगळं एका फाइलीत. तांब्याचं पान अप्पांसमोर धरलं आणि त्यांनी लगेच बोट टेकवलं. मी पाणी दिलं. त्यांनी ढकललं नाही. घटाघट प्यायले आणि मान हलवली. आत्या स्वयंपाकघरात जाऊन देवाला हात जोडून आली. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं, आणि लिनक्सचं नावही काढलं नाही.

पुढचे दोन आठवडे बरे गेले. बोट तांब्यावर, बोट पंख्यावर, बोट उशीवर. बाई खूश होत्या. उशीर झाला का, हे मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मग एका रविवारी, जेवणं झाल्यावर, अप्पांनी टेबलाकडे हात केला. फाइल पाहिजे होती. मी ती त्यांच्या मांडीवर ठेवली. ते स्वतःच्या हाताने पानं उलटू लागले. तांब्या गेला, भाकरी गेली, पंखा, उशी, काठी, आत्या, मी. कुठंच बोट थांबलं नाही. शेवटचं पान झालं तशी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी सावकाश, प्रत्येक फोटोवरून बोट फिरवत. पुन्हा शेवट आला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. दुखण्यानंतर इतकं थेट त्यांनी कधीच बघितलं नव्हतं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पक्कं काहीतरी, आणि ते माझ्या फाइलीत नव्हतं.

मी लॅपटॉप उघडला. आईचा जुना फोटो मोबाईलवर होता, तो छापला. ऊनऊन पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पाहिलं, खाटेवर बाजूला ठेवलं आणि हात पुढं केला. मी चादरींचा फोटो छापला. तोही बाजूला. एसटी स्टँड. सिद्धेश्वराचं देऊळ आणि तळं. सांगोल्याचा बाजार, इंटरनेटवर मिळाला तसा. त्यांच्या मित्राचा फोटो, जो केव्हाच वारला. डॉक्टर. घराचं दार. आत्या मधून मधून सुचवायची, “अप्पाची पिशवी काढ की,” “डाळिंब बग,” आणि मी ते छापायचे. प्रिंटर एकदाही अडला नाही. अप्पा प्रत्येक पान मन लावून बघायचे, चिडायचे नाहीत, नीट बाजूला ठेवायचे आणि पुढच्यासाठी हात पुढं करायचे. खाट कागदांनी भरून गेली.

मग मला काही सुचेना. आत्यालाही सुचेना. अप्पांचा हात पुढंच होता. शेवटी मी त्यात माझा हात ठेवला. त्यांनी तो हळूच बाजूला केला आणि आपला हात तसाच पुढं धरून ठेवला.